आठवा बोर्ड

सुरुचीने मनातल्या मनात पेढे वाटून टाकले होते. कात्रजच्या घरी आईला फोन करून काय म्हणायचं, तेही ठरलं होतं. उगाच गाजावाजा नको, "झालं काम" एवढंच म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मग आईने पुन्हा फोन करायचा आणि आपण तो तिसऱ्या रिंगला उचलायचा. माणसाने हवेत इमले बांधावेत, पण सुरुचीने तर त्यांना पडदेसुद्धा लावले होते.

तिचं फारसं चुकतही नव्हतं. सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात महिलांच्या कॅरम संघाची राज्य निवड चाचणी चालू होती. राष्ट्रीय स्पर्धेला चौघी जाणार होत्या. तिघींची नावं आदल्या दिवशीच पक्की झाली होती, आणि चौथ्या जागेसाठीचा हा सामना होता. दोघींनी एकेक गेम घेतला होता. तिसऱ्या गेममध्ये सुरुचीचे चोवीस गुण होते आणि समोरच्या इंदुबाईंचे तेरा. पंचवीस झाले की गेम संपतो, नाहीतर आठ बोर्ड, म्हणजे आठ डाव, झाल्यावर ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. आता आठवा बोर्ड लागत होता.

म्हणजे गणित अगदी सरळ होतं. आपल्या नऊ सोंगट्या आधी संपवणाऱ्याला समोरच्याच्या जेवढ्या उरल्या तेवढे गुण मिळतात, वर राणीचे तीन. इंदुबाईंना बारा गुण हवे होते. नऊ आणि तीन बारा. त्यांनी आपल्या सगळ्या पांढऱ्या आणि राणी घ्यायची, आणि सुरुचीच्या नऊच्या नऊ काळ्या बोर्डावर तशाच राहायला हव्यात. सुरुचीची एक काळी गेली तर बरोबरी, आणि दोन गेल्या की खेळ खलास. थोडक्यात, फोडायची पाळी इंदुबाईंची होती, आणि त्यांनी पहिल्या फटक्यापासून शेवटच्या सोंगटीपर्यंत स्ट्रायकर हातातून सोडायचाच नाही, एवढी एकच वाट त्यांना उरली होती. याला स्लॅम म्हणतात. घरात मुलांबरोबर खेळताना कधीतरी होऊन जातो. निवड चाचणीच्या शेवटच्या बोर्डाला होत नाही.

आणि सुरुचीला ही जागा हवीच होती. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघाली होती. अट एवढीच, की महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली असावी आणि वय अठ्ठावीसच्या आत असावं. सुरुचीला अठ्ठावीस पूर्ण व्हायला चार महिने राहिले होते. एका शिकवणी क्लासच्या रिसेप्शनवर ती पाच वर्षं बसत होती, आणि कायम कधी करणार असं विचारलं की तिथले सर पाच वर्षं "बघू" म्हणत होते. पुढच्या वर्षी ती कितीही चांगली खेळली तरी अर्जाच्या दारातच अडली असती.

समोरच्या बाईंना त्या नोकरीचा काडीचा उपयोग नव्हता. इंदुबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. लोणी काळभोरच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करत. सुती साडी, खोचलेला पदर, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि मनगटावर तव्याचे जुने डाग. तीस वर्षांपूर्वी म्हणे त्यांनी राज्य गाजवलं होतं. मग लग्न झालं, संसार आला, बोर्ड माळ्यावर गेला. वसतिगृहातल्या मुलींनी कॉमन रूममध्ये बोर्ड मांडला, तेव्हा तो खेळ पुन्हा त्यांच्या हाताला लागला. सामन्याआधी त्या सुरुचीला म्हणाल्या होत्या, "मी आपली बघायला आले पोरी, हात हाय का गेला." सुरुची तोंडभर हसली होती आणि मनात म्हणाली होती, बघायला आलात तर बघा ना, माझी जागा कशाला अडवता?

सभागृहातले पंखे बंद होते, कारण वाऱ्याने पावडर उडते. एप्रिलच्या दुपारी ही शिक्षाच, पण चाळीसेक माणसं वहीने वारा घेत बसली होती. दारावर पाटी होती : "खेळाडूंना सल्ला देऊ नये. एवढं येत असल्यास स्पर्धेत उतरावे." ती लिहिणारे दिगंबरराव आज पंच होते. एकतीस वर्षं पंचगिरी केलेला हा माणूस हसताना कुणी पाहिला नव्हता, आणि टाळ्या वाजवताना तर मुळीच नाही.

"आठवा बोर्ड," दिगंबरराव म्हणाले. "खेळाडूंनी पाणी प्यायचं असल्यास आत्ता प्यावं. नंतर तहान लागली तर ती तुमची."

इंदुबाईंनी सोंगट्या मांडल्या, स्ट्रायकर पदराला पुसला आणि फोडलं. पांढरी उजव्या कोपऱ्यात गेली.

जाऊ दे, सुरुची मनात म्हणाली. पहिली कुणाचीही जाते.

आता सुरुचीची एक सवय सांगायला हवी, कारण पुढे सगळा घोटाळा तिनेच केला. ती कॅरम शिकली गंज पेठेत, मैनुद्दीनचाचांच्या दुकानात. चाचा कॅरम बोर्ड बनवतात आणि दुरुस्त करतात. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांना एक नेम होता. समोरचा खेळत असताना गप्प बसायचं नाही, तो आता कुठली सोंगटी कुठल्या पॉकेटात घेणार ते आधी सांगायचं. चुकलं तर दुकानातला भुसा झाडायचा. "समोरच्याची पाळी म्हणजे तुझी सुट्टी नाही," चाचा म्हणायचे. सुरुचीने लहानपणी इतका भुसा झाडला, की पुढे दहातले आठ अंदाज बरोबर येऊ लागले. स्पर्धेत तोंडाने बोलता येत नाही, म्हणून ती डोळ्यांनी सांगायची. आधी सोंगटीकडे, मग पॉकेटाकडे. हे आपण करतो, याचं तिला आता भानही नसायचं.

इंदुबाईंच्या डाव्या पॉकेटाच्या तोंडाशी एक पांढरी आयती बसली होती. फुंकर मारली तरी पडेल अशी. सुरुचीने डोळ्यांनी सांगितलं : ही. इंदुबाईंनी तिला सोडलं आणि पलीकडची, काळ्यांच्या गराड्यातली अवघड पांढरी कातरून घेतली.

सुरुचीला हसू आलं. चष्म्याचा नंबर वाढलाय बाईंचा.

दुसऱ्या वेळीही अंदाज चुकला. इंदुबाईंनी पुन्हा सोपी सोडली, अवघड घेतली. पण या वेळी सुरुचीने स्ट्रायकर नीट पाहिला. पांढरीला पाठवून तो थांबला नव्हता. परत येता येता मधल्या घोळक्याला त्याने हलकेच खांदा लावला होता, आणि अडकून बसलेली राणी दोन बोटं बाहेर आली होती. तिच्यावर कुणी मेहनत घेतल्याचं दिसतही नव्हतं.

चौथ्या फटक्याला राणी गेली. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्याला आपली एक सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावं लागतं, नाहीतर राणी परत बोर्डावर येते. इंदुबाईंनी मानही न वळवता डाव्या पॉकेटाच्या तोंडाशी बसलेल्या त्या पांढरीला नखाने ढकलावं तसं ढकललं. टप्.

ही त्यांनी पहिल्यापासून याचसाठी राखली होती. राणी घोळक्यात घट्ट अडकलेली असतानाच यांनी तिची सोय करून ठेवली होती, आणि मी म्हणत होते चष्म्याचा नंबर!

यापुढे ती नुसती बघत राहिली. तिला या खेळातलं बरंच कळतं असा तिचा समज होता, आणि तो खोटाही नव्हता. ती चांगलीच खेळायची. पण चांगलं खेळणारे नुसती सोंगटी घेतात. ही बाई एक सोंगटी घेत होती, आणि त्याच फटक्यात दुसरीला उठवून तिच्या जागी नीट बसवत होती, पंगत वाढणाऱ्या बाईने एकाच्या पानात भात घालता घालता पुढच्याचं पान सरळ करावं तशी. तिची धडपड कुठेच दिसत नव्हती. काळ्या जिथे होत्या तिथेच होत्या, एकीलाही धक्का नाही. पाचवी पांढरी गेली. सहावी गेली. सभागृहातल्या वह्या हलायच्या थांबल्या होत्या. दिगंबररावांनी गुणपत्रिकेवर टेकवलेलं पेन तिथेच राहिलं होतं आणि त्याखाली शाईचा एक ठिपका वाढत होता.

तिला भीती वाटत होती, हे खरं. चार महिने, अर्ज, सरांचं "बघू", सगळं तिला आठवत होतं. चुका हो, एकदा तरी चुका, असं ती आतून म्हणत होती. आणि त्याच वेळी सहावी सोंगटी पॉकेटात जाताना तिच्या अंगावर काटा आला होता. इतकं सुंदर तिने याआधी काहीही पाहिलं नव्हतं. एका माणसाच्या बोटांत एवढं असू शकतं, हे तिला माहीतच नव्हतं.

सातव्या पांढरीला तिचा अंदाज बरोबर आला. लांबची पांढरी, आडव्या पट्टीवरून, उजवीकडे. सुरुचीने डोळ्यांनी सांगितलं आणि इंदुबाईंनी तेच केलं. आठवीलाही तसंच. आता तिला दिसू लागलं होतं. अनोळखी गावात दोन-तीन वळणं झाल्यावर रस्ता कळू लागावा, तसा तो खेळ तिला कळू लागला. पुढे काय येणार ते कळत होतं, आणि तेच येत होतं, आणि प्रत्येक वेळी तिला लहान मुलीसारखा आनंद होत होता. आपण हरत चाललोय, हे ती दोन फटके चक्क विसरली होती.

आठवी घेताना मात्र गडबड झाली. स्ट्रायकर एका काळीला निसटता लागला, आणि उरलेली एकुलती एक पांढरी घरंगळत इंदुबाईंच्या स्वतःच्या पट्टीजवळ, त्यांच्या रेषेच्या मागे येऊन थांबली. अशी सोंगटी सरळ मारता येत नाही. स्ट्रायकर समोर, म्हणजे सुरुचीच्या बाजूच्या पट्टीवर मारायचा, आणि तो परत येताना सोंगटीला लागेल अशी तजवीज करायची. चाळीस माणसांनी श्वास सोडला. त्यांत सुरुचीही होती. नोकरी परत आली, असं तिच्या मनात स्पष्ट उमटलं.

इंदुबाईंनी स्ट्रायकर ठेवला. सुरुचीच्या उजव्या हातासमोरच्या पट्टीवर त्यांनी नेम धरला, आणि सुरुचीला कळलं, की सोंगटी जाणार नाही.

तिला ते कळलं, कारण हा बोर्ड ती ओळखत होती. मैनुद्दीनचाचांनीच तो बनवला होता. दोन पावसाळ्यांपूर्वी पाणी लागून त्याची एक पट्टी फुगली होती, आणि ती बसवताना सुरुचीनेच दुसरं टोक धरलं होतं. चाचांनी पुष्कळ खटपट केली, तरी चार बोटं लांबीचा तुकडा मुकाच राहिला. तिथे लागलेला स्ट्रायकर अर्ध्या जोराने परत येतो. आज चिठ्ठ्या टाकून हाच बोर्ड वाट्याला आला होता, आणि तो मुका तुकडा बरोबर तिच्या उजव्या हातासमोर होता. इंदुबाईंचा फटका तिथे लागला, की स्ट्रायकर पांढरीपर्यंत पोचायच्या आतच दमणार होता. मग पाळी सुरुचीची. दोन काळ्या तर तिने डोळे मिटून घेतल्या असत्या.

तिने फक्त खाली मान घालून बसायचं होतं. आपल्या हातांकडे बघत. यापेक्षा सोपं काम तिला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

पण तिचे डोळे पट्टीकडे गेले. त्या तुकड्यापासून तीन बोटं डावीकडे, जिथे लाकूड जिवंत होतं, त्या जागेवर ते टेकले. तिथून ते पांढरीवर आले आणि मग इंदुबाईंच्या डाव्या पॉकेटावर.

"सहा," दिगंबरराव पुटपुटले. फटक्याला पंधरा सेकंद मिळतात. इंदुबाईंनी मान वर केली होती. चष्म्यावरून त्या सुरुचीकडे बघत होत्या. सुरुचीने नजर वळवली नाही. वळवता आली असती की नाही, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

"नऊ."

इंदुबाईंनी स्ट्रायकर उचलला आणि बाजूला सरकवला. पुन्हा वाकल्या. "अकरा," दिगंबरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

स्ट्रायकर आला, सुरुचीच्या पुढ्यात तीन बोटं डावीकडे लागला आणि परत निघाला. दोन काळ्यांच्या मधून, कुणालाही न शिवता. पांढरीच्या कडेला त्याने जेमतेम स्पर्श केला. पांढरी पट्टीला चिकटून डावीकडे चालू लागली, आठवड्याचा बाजार करून घरी निघालेल्या बाईसारखी, सावकाश, कुठे जायचंय ते माहीत असल्यासारखी. पॉकेटाच्या तोंडाशी ती क्षणभर टेकली आणि आत गेली.

बोर्डावर नऊ काळ्या होत्या. सुरुचीने एकीलाही हात लावला नव्हता.

मग दिगंबरराव खुर्चीवरून उठले आणि एकतीस वर्षांची सगळी थकबाकी चुकवावी तशा टाळ्या वाजवू लागले, आणि मग सभागृह उठलं. सुरुचीने हात पुढे केला. इंदुबाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "तू बघितलंस म्हून मला दिसलं."

सुरुचीच्या कानशिलांत गरम झालं.

"मुद्दाम बघितलंस व्हय?"

"माहीत नाही," सुरुची म्हणाली. ते खरं होतं.

"मला बी म्हायती न्हाई, मी तुझ्याकडं का बघितलं." इंदुबाईंनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले. "तुझ्या नोकरीचं कानावर आलंय माझ्या. लई वाईट वाटतंय. पर मी जाणार हाय. तीस वर्सं थांबलेय मी. जागा सोडायची न्हाई मी."

"सोडू नका," सुरुची म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ती भलेपणाने बोलत नव्हती. त्या जागेवर आता आपल्याला बसवलं तर आपण तिथे शोभणार नाही, एवढं तिला दिसलं होतं. "तुम्ही सोडली असतीत ना, तर मी भांडले असते तुमच्याशी."

तिने गुणपत्रिकेवर सही केली. चोवीस–पंचवीस.

स्वारगेटला कात्रजच्या बसची वाट बघत ती उभी होती, तेव्हा आईचा फोन आला. सुरुचीची आई मंदाकिनी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मूल दारातून आत आलं की पेपर कसा गेला ते तिला चपलांच्या आवाजावरून कळतं.

"हरलीस," आई म्हणाली.

"हो."

"किती?"

"एका गुणाने. आई, तिनं स्लॅम मारला. शेवटच्या बोर्डाला. मला एकदाही स्ट्रायकर मिळाला नाही." बोलता बोलता तिचा आवाज चढला, थांब्यावरची माणसं बघू लागली. "आणि शेवटची सोंगटी होती ना, ती तिला दिसत नव्हती. मला दिसत होती. मी बघितलं, मग तिनं बघितलं. ती आम्ही दोघींनी मिळून घेतली, आई."

"छान," आई म्हणाली. "नोकरीही दोघींनी मिळूनच करा मग."

सुरुचीला हसू फुटलं आणि त्यातच रडूही. चार महिन्यांनी ती अठ्ठावीस वर्षांची होणार होती, उद्या नऊ वाजता क्लासच्या रिसेप्शनवर तिला बसायचं होतं, आणि आपण काय घालवलं हे तिला आता नीट दिसत होतं. तिने ओढणीने नाक पुसलं. कात्रजची बस आली. चढणाऱ्यांनी तिला बाजूला सारलं आणि बस गेली.

"रडून झालं?" आईचा आवाज जरा मऊ झाला होता. "मग सांग. राणी कितव्या फटक्याला घेतली तिनं?"

"चौथ्या. आणि कव्हरची सोंगटी पहिल्यापासून राखून ठेवली होती, आई. पहिल्यापासून! राणी बाहेर यायच्या आधीच."

"काय सांगतेस!" आई म्हणाली. मग तिने जराशा संशयाने विचारलं, "आणि एवढा वेळ तू काय करत होतीस?"

"मी समोर बसले होते," सुरुची म्हणाली. "माझ्याइतक्या जवळून कुणीच पाहिलं नाही ते."